मापातले धान्य, तराजूतले धान्य

वाचकहो, आपल्यातल्या बहुतेक घरांत नव्या सुनेने उंबरठ्यावरचे माप ओलांडलेले आहे. तांदळाने शिगोशीग भरलेले माप, उजव्या पायाचा हलका स्पर्श, आणि तांदूळ घरात सांडतात. शिंद्यांच्या फौजेबरोबर किंवा त्यांच्या कारभारात चाकरीला म्हणून जी घराणी अवंतीत उतरली, त्यांनी ही रीत पिढ्यानपिढ्या इथे सांभाळली. घरातली पोरे माळवी बोलू लागली, सणाला पुरणपोळीच्या शेजारी दालबाफले आले, पण उंबरठ्यावरचे माप हलले नाही. आता मी एक साधा प्रश्न विचारतो. त्या मापात तांदूळ किती किलो असतात?

चटकन उत्तर येणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. माप सांगते जागा किती व्यापली ते. तराजू सांगतो ऐवज किती आहे तो. या दोहोंना जोडणारा जो आकडा, त्याला घनता म्हणतात. आकारमानाला घनतेने गुणले की वजन येते, वजनाला घनतेने भागले की आकारमान. लीटरभर पाणी एक किलो भरते, हे शाळेतले पोरही सांगेल. पण लीटरभर दूध भरते सुमारे १०३० ग्रॅम, लीटरभर तूप सुमारे ९१० ग्रॅम, मध चौदाशे ग्रॅमच्या आसपास, आणि आमच्या औषधांना लागणारा कडक मद्यार्क जेमतेम ८१० ग्रॅम. भांडे तेच, जागा तीच, वजने पाच.

धान्याचे प्रकरण याहून अवघड आहे. गव्हाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड आहे. तरी लीटरचा डबा गव्हाने भरला तर वजन येते पाऊण किलोच्या थोडे वर. उरलेल्या जागेत काय असते? वारा. दाण्यादाण्यांमधली पोकळीही मापात मोजली जाते. म्हणून माप हलवून भरले तर जास्त मावते, अलगद ओतले तर कमी. आपल्या आज्या पीठ भरताना डबा दोनदा जमिनीवर आपटत, ते याच कारणासाठी. आणि वर शीग लावली की नाही, हा तर स्वतंत्र हिशेब.

घनता हा शब्द पाठ्यपुस्तकातला आहे, पण ती गोष्ट आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिला नाव नव्हते. ती नियमांत, कायद्यांत आणि धर्मशास्त्रांत दडलेली होती. मापावरून वजनावर जाण्याचा तो पूल होता, आणि त्या पुलावर जकात कोण वसूल करतो, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे. या व्याख्यानात मी त्याच जकातीचा माग काढणार आहे.

जैन आगमांतले अनुयोगद्वारसूत्र मोजण्याचे पाच प्रकार सांगते. मान म्हणजे भांड्याने मापणे, उन्मान म्हणजे तराजूने तोलणे, अवमान म्हणजे लांबी, गणिम म्हणजे मोजदाद, आणि प्रतिमान म्हणजे सोन्यारत्नांचे बारीक वजन. मान आणि उन्मान हे दोन स्वतंत्र विभाग आहेत, हे ध्यानात ठेवा. मानाचेही पुन्हा दोन भाग: धान्यमान आणि रसमान, म्हणजे कोरड्याचे माप वेगळे, पातळाचे वेगळे. धान्यमानाची सुरुवात तळहातापासून होते. दोन असतींची एक पसती, दोन पसतींची एक सेतिका, आणि तिथून पुढे चौपटीने चढत कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण. संस्कृतातली प्रसृति, प्राकृतातली पसती, तोच आपला पसा. जात्यावर दळताना बाई पसापसा घालत असे, तो शब्द दोन हजार वर्षांचा आहे. (पसायदानातला पसाय मात्र निराळा, तो प्रसाद. माझ्या एका सुशिक्षित स्नेह्याने दोहोंची सांगड घातलेली ऐकली आहे, म्हणून सांगतो.)

पुढे सूत्रकार म्हणतात की रसमान हे धान्यमानापेक्षा चौथ्या हिश्श्याने मोठे असावे. का? धान्याला शीग लागते, तेलाला लागत नाही. धान्याच्या भांड्यावर जो डोंगर उभा राहतो, तो भांड्याच्या चौथाई इतका धरला आहे; पातळ पदार्थाचा डोंगर होत नाही, म्हणून तेवढी जागा भांड्याच्या पोटातच वाढवून घ्यायची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच चौथाईचा आकडा आहे: माप कोरड्या, टणक लाकडाचे करावे, आणि शीग चौथा भाग धरावी, किंवा ती आतच सामावून घ्यावी. एक ग्रंथ मुनींचा, एक राजकारण्याचा, आणि दोघांची शीग सारखी. अर्थी बाजारात चालत होते तेच दोघांनी लिहून ठेवले.

त्याच सूत्रात आणि त्याच्या टीकांत एक जागा आहे, जी डॉक्टर म्हणून मला फार आवडते. सुलक्षणी पुरुष कसा ओळखावा? त्याला पाण्याने काठोकाठ भरलेल्या द्रोणीत बसवावे. ठरलेले द्रोणभर पाणी बाहेर सांडले तर तो मानयुक्त. मग त्याला तराजूत घालावे. ठरलेला भार भरला तर तो उन्मानयुक्त. आर्किमिडीजची हौदातली गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली. इथे माणूसच हौदात उतरवला आहे. एकाच शरीराचे आकारमान आणि वजन, दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले. एकाला दुसऱ्याने भागायचे तेवढे राहून गेले. पण लक्षण म्हणून दोन्ही हवेत, एकाने भागत नाही, ही जाण मला थोर वाटते. आजही नुसत्या वजनकाट्यावर उभे राहून आपली प्रकृती ठरवणारे रुग्ण माझ्याकडे रोज येतात.

आता जकातीकडे वळू. अर्थशास्त्रात मापे आणि वजने तपासणारा अधिकारी आहे, पौतवाध्यक्ष. त्याच्या अध्यायात द्रोण हे माप सांगताना कौटिल्य भांड्याची उंची-रुंदी देत नाही. ते भांडे किती पले उडीद धरते ते सांगतो. म्हणजे माप ठरते वजनावरून, आणि मधला दुवा म्हणजे उडदाची घनता. उडीद गोल, गुळगुळीत, भांड्यात नीट बसणारा. निवड उत्तम आहे. पण द्रोण एक नाही, चार आहेत. सरकारी उत्पन्न घेण्याचा द्रोण २०० पलांचा. बाजारातल्या व्यवहाराचा १८७½ पलांचा. चाकरांना शिधा वाटण्याचा १७५ पलांचा. आणि अंतःपुराला देण्याचा १६२½ पलांचा. नाव चौघांचे एकच, द्रोण. शेतकरी एक द्रोण आणून ओततो तेव्हा २०० पले जातात. राजवाड्यातून एक द्रोण निघतो तेव्हा १६२½. वहीत दोन्हीकडे एकच आकडा, आणि मधली साडेसदतीस पले कोठारात. शेकड्याला जवळजवळ एकोणीस.

याच्या शेजारी उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र ठेवा. श्रावकाच्या अचौर्य व्रताला बाधा आणणारे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत, त्यांतला एक म्हणजे हीनाधिकमानोन्मान. पूज्यपादांनी त्याचा अर्थ उलगडला आहे: प्रस्थ वगैरे ते मान, तराजू वगैरे ते उन्मान, कमी मापाने दुसऱ्याला देणे आणि जास्त मापाने आपण घेणे, हा दोष. गृहस्थाने केले तर व्रताला डाग, आणि राजाने केले तर महसुलाची पद्धत! कौटिल्याचा मी चाहता आहे, पण या एका मुद्द्यावर मी उमास्वातींच्या बाजूने आहे. आणि हेही पाहा की दोष सांगताना त्यांनी मान आणि उन्मान दोन्ही शब्द घातले. फसवणूक भांड्यातही होते आणि तराजूतही. सर्वांत सोपी ती एकावरून दुसऱ्यावर जाताना.

आपल्या उज्जैनचे सांगायचे तर वराहमिहिराला वगळून चालणार नाही. सहाव्या शतकातला हा अवंतीचा ज्योतिषी. बृहत्संहितेत पाऊस मोजण्याची रीत त्याने दिली आहे: हातभर रुंदीचे कुंड उघड्यावर ठेवावे आणि साठलेले पाणी आढकाने मोजावे, आढक म्हणजे ५० पले. पुन्हा तेच: पले हे वजन, आढक हे माप, आणि मध्ये पाण्याची घनता. आपण हिशेब करून पाहू. पलाचे वजन देशकालाप्रमाणे बदलत असे. वैद्यकातले चार तोळ्यांचे पल धरले तर ५० पले म्हणजे २०० तोळे, सुमारे २३३३ ग्रॅम. पाणी असल्यामुळे तेवढेच घनसेंटिमीटर. कुंड गोल आणि हात १८ इंचांचा धरला तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १६४० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की आढकाला १४ मिलिमीटर पाऊस येतो. चार आढकांचा द्रोण म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. पहिला पाऊस कोणत्या नक्षत्रावर पडला तर हंगामात किती द्रोण पडेल, याची यादी वराहमिहिराने दिली आहे, आणि हस्त, चित्रा, रेवती अशा काही नक्षत्रांना १६ द्रोण सांगितले आहेत. १६ द्रोण म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर. उज्जैनचा वर्षाचा सरासरी पाऊस त्याच घरात आहे. नक्षत्राच्या भाकितावर मी विश्वास ठेवा म्हणत नाही, आणि पल थोडे हलके-जड धरले की आकडाही हलतो. पण ज्याने ही यादी केली, त्याच्या अंगणात खरोखरीचे कुंड होते असे मला वाटते.

वैद्यांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. शार्ङ्गधराने चार अंगुळे रुंद आणि तितकेच उंच भांडे म्हणजे कुडव, असे सांगितले. आणि मोठ्या मापांत पातळ व ओली द्रव्ये कोरड्याच्या दुप्पट घ्यावीत, असा नियम दिला. सुकलेली पाने-मुळे भांड्यात फुगून बसतात, ओल्यात पाण्याचा भार असतो. सरसकट दुप्पट हा ठोकळ हिशेब झाला, पण काढा करणाऱ्याला रोज तराजू कुठून मिळणार? आमच्या होमिओपॅथीच्या दुकानांतही हा जुना गोंधळ अजून नांदतो. ड्राम हे वजनही आहे आणि मापही. साठ ग्रेनचा ड्राम तराजूवरचा; साठ मिनिमांचा ड्राम काचेच्या नळीतला. इंग्रजी पद्धतीत मिनिमभर पाणी पूर्ण एक ग्रेनही भरत नाही, मग साठ मिनिम मद्यार्क साठ ग्रेन कसा भरेल? औषधनिर्मितीच्या प्रात्यक्षिकात आम्हांला विशिष्ट गुरुत्वाची बाटली हाताळायला देत. परीक्षा झाल्यावर बहुतेकजण ती विसरतात.

गणिताच्या बाजूने सर्वांत पुढे गेले ते भास्कराचार्य. लीलावतीत राशिव्यवहार नावाचे प्रकरण आहे. खळ्यावर धान्याची रास पडली आहे. मापारी न बोलावता तिच्यात किती खंडी आहे ते सांगा. दोरीने परीघ घ्यायचा आणि उंची त्यावरून काढायची: जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, आणि कुसळे असलेल्या साळीसारख्या धान्याची नवव्या. मोहरी घसरते, तिची रास बसकी. साळ एकमेकीला धरून ठेवते, तिची रास उभी. हे निरीक्षण खळ्यावर बसलेल्या माणसाचे आहे. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणले की घनहस्त मिळतात, आणि एक घनहस्त म्हणजे एक मागधी खारी. मात्र इथे गाडी थांबते. खारीचे वजन किती, हे भास्कराचार्य सांगत नाहीत, कारण त्यांच्या जगात धान्य मुख्यतः मापानेच मोजले जात होते. तराजू सोन्याचा, केशराचा, तांब्याचा, धान्याला माप.

चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. शके ११२८ चा तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा शेवटचा भाग मराठी आहे, आणि त्यात काय आहे? तेलाच्या घाण्यामागे पळीपळी तेल मठाला द्यावे. जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. मापणावळीतला वाटा मठाकडे यावा. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञाची विद्या चालत राहावी म्हणून जी सोय केली, तीत मापाचा हक्कही होता. माप कोणाचे, हा हक्क खुद्द धान्याइतकाच मोलाचा, हे त्या काळच्या माणसांना उमगलेले होते.

मराठेशाहीच्या कागदांत हे सर्व ऐन बहरात दिसते, आणि इथे मला तुमच्याशी जरा थेट बोलायचे आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी पेटीत मोडी रुमाल आहेत. वतनाचे, इनामाचे, देवस्थानाच्या नेमणुकीचे. त्यांत धान्याच्या आकड्याआधी बहुधा कैली असा शब्द येतो. कैली म्हणजे मापाने. वजनाचा ऐवज असला तर वजनी. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. बारा पायल्यांचा म्हणून तो बारुला मण. हा मण म्हणजे चाळीस शेरी वजनी मण नव्हे. मापी शेर आणि वजनी शेर यांचे नावच काय ते सारखे.

घराण्याचा इतिहास लिहिणारे हौशी लेखक इथे सर्रास घसरतात. खंडीला कुठल्याशा कोष्टकातला एक आकडा लावतात आणि पणजोबांना इतके क्विंटल धान्य मिळे, असे छापून मोकळे होतात. पण धान्य कोणते ते पाहिले का? लीटरच्या डब्यात तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम मावतात, सालासकट भात मात्र ५७० च्या आसपास. कागदात खंडीभर भात असेल आणि तुम्ही तांदळाचा गुणक लावला, तर पणजोबांचे उत्पन्न चाळीस टक्क्यांनी फुगले. ज्वारीचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. शिवाय गावची पायली कोणती, आणि शिगेची की सपाट? एवढे ठरल्याशिवाय किलोत जाऊ नका. कैली खंडी म्हणूनच छापा, वाचकाला कळेल.

पुढे राज्ये बदलली तशी गोष्ट तराजूकडे झुकत गेली. १९३९ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा, मण ४० शेरांचा असे पक्के झाले. आपले उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. १९५६ चा कायदा साऱ्या देशाचा होता. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून जुनी वजने व्यापारातून गेली. शेर झाला ९३३ ग्रॅम, मण झाला ३७.३२ किलो. वजनी शेरासाठी हे ठीक. मापी शेराला मात्र कोष्टकात एक आकडा असूच शकत नव्हता. तो लीटरमध्ये जायचा, आणि किलोत जायला प्रत्येक धान्याची वेगळी वाट. घरोघरच्या पायल्या आणि मापटी माळ्यावर गेली. गहू तराजूवर आला, दूध मापातच राहिले.

तेल आणि तूप मात्र अजून दोन्हीकडे आहेत, म्हणून शेवटी त्यांच्याकडे येतो. अर्थशास्त्राच्या त्याच अध्यायात तप्तव्याजी नावाची तरतूद आहे. तापवून पातळ केलेले तूप मोजून विकले तर ३२ वा भाग जास्त, तेलाला ६४ वा भाग. तापलेला स्निग्ध पदार्थ फुगतो. तेवढेच माप भरते, पण ऐवज कमी जातो, अशी मी तिची संगती लावतो. भांड्याला चिकटून राहणाऱ्या द्रवासाठी मानस्राव म्हणून आणखी ५० वा भाग आहे, तो निराळा.

आता २०२२ च्या ऑगस्टकडे या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने खाद्यतेल भरणाऱ्यांना सूचना काढली. काही पिशव्यांवर लीटरच्या आकड्यासोबत तापमान छापलेले असे, कधी कधी ६० अंश सेल्सियसपर्यंत. माळव्याच्या काळ्या मातीत आज जे सर्वत्र दिसते त्या सोयाबीनचेच उदाहरण खात्याने दिले: २१ अंशांना लीटरभर तेल ९१९ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. लीटर दोन्ही वेळी खराच. फरक २६.४ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ३५ वा भाग. कौटिल्याच्या तुपाच्या आकड्याला जवळजवळ टेकणारा. तापमान न छापता आकारमान आणि वजन दोन्ही बरोबर छापा, असे खात्याने सांगितले, आणि छपाई सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तुमच्या ओट्याखाली जी पिशवी आहे तिच्यावर लीटरच्या शेजारी ग्रॅमचा आकडा असेल. तो ९१० च्या आसपास आहे ना, तेवढे पाहून घ्या.